मिरजेला न्या!

आमच्या साताऱ्याकडच्या जुन्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू यायचं. काढे झाले, लेप झाले, देवाला नारळ बोलून झाला, गावच्या डॉक्टरांच्या औषधाच्या दोन बाटल्या संपल्या, तरी आजाऱ्याला उतार पडेना, की ओसरीवरचं कुणीतरी वडीलधारं माणूस घसा खाकरून म्हणायचं, "आता वेळ घालवू नका. मिरजेला न्या!"

पुण्या-मुंबईचं नाव त्यानंतर. आधी मिरज. मिरजेत काय आहे, कोण आहे, हे कुणी विचारायचंही नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा आमच्या आजेसासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे होत्या. पंढरपूरचं नाव घ्यावं तशा त्या मिरजेचं नाव घ्यायच्या. त्यांची एक आवडती गोष्ट होती. ती त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितली असेल.

त्यांच्या आजीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले होते. गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची. डोळ्यांपुढे नुसता धूर. चूल दिसत नाही, उंबरा दिसत नाही. घरात नवी सून आली होती, म्हणजे आजेसासूबाईंची आई. पण सासूनं तीन वर्षांत तिचं तोंड काही पाहिलेलं नव्हतं. बांगड्यांच्या आवाजावरून काय ती सून ओळखायची! शेवटी मुलानं बैलगाडी जुंपली, रहिमतपूर स्टेशन गाठलं आणि आगगाडीनं म्हातारीला मिरजेला नेलं. परत आली ती जाड भिंगांचा चष्मा लावून. सून भाकरतुकडा ओवाळायला दारात आली, तर सासू तिच्याकडे टक लावून बघत म्हणाली, "अगं, तू होय ती! मला वाटलं होतं, चांगली उंच असशील!"

एवढं सांगून आजेसासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. पण गोष्टीचा शेवट मात्र तक्रारीचा असे. "एवढ्या लांब गेली बिचारी, पण वानलेस साहेबानं काही तिच्या डोळ्याला हात लावला नाही हो! त्याच्या शिष्यानं केलं ऑपरेशन. साहेब आपला नुसता शेजारी उभा!" म्हातारी म्हणे त्यावरून शेवटपर्यंत रुसून होती.

हा वानलेस साहेब कोण, म्हणून मी हळूहळू मिळेल ते वाचत गेले. आणि लक्षात आलं, म्हातारी ज्याबद्दल रुसली होती, तीच तर त्या माणसाची खरी थोरवी!

एक गेली, एक आला

विल्यम जेम्स वॉन्लेस यांचा जन्म कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात 1 मे 1865 रोजी झाला. ही तारीख वाचली आणि मी थबकले. कारण आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा जन्म 31 मार्च 1865 चा. दोघांत जेमतेम एका महिन्याचं अंतर!

आनंदीबाईंची कथा आपल्याला पाठ आहे. मूल दहा दिवसांचं होऊन गेलं, बायकांना बायकांकडून औषधपाणी मिळत नाही हे त्या आईच्या जिवाला लागलं, आणि 1883 साली ही मुलगी समुद्र ओलांडून अमेरिकेला गेली. 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूकही झाली. पण क्षयानं पोखरलेला देह घेऊन ती परतली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरची ती खुर्ची रिकामीच राहिली.

त्यानंतर अडीच-तीन वर्षांतच, 1889 साली, तिच्याच वयाचा एक तरुण न्यूयॉर्कमधून डॉक्टरीची परीक्षा उतरून उलट दिशेनं निघाला. सोबत नुकतीच लग्न झालेली बायको, मेरी. ती शिकलेली नर्स होती. प्रेस्बिटेरियन मिशननं दोघांना हिंदुस्थानात पाठवलं आणि त्यांच्या वाट्याला आली सांगली.

नियतीनं एका हातानं नेलं आणि दुसऱ्या हातानं दिलं, असं म्हणायचा मोह होतो. पण आनंदीबाईंची भरपाई कुणालाच करता यायची नाही. एवढंच म्हणावं की ज्या मुलखाला डॉक्टरची आस लागली होती, त्या मुलखात एक डॉक्टर येऊन पोचला.

सांगलीहून मिरजेला

तेव्हा सांगली आणि मिरज ही दोन्ही पटवर्धनांची संस्थानं. सांगलीला मिशनचं काम आधीपासून होतं. तिथं वॉन्लेस यांनी पहिल्यांदा दवाखाना मांडला. चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरसवदा डॉक्टर, भाषा येत नाही, हवा सोसत नाही. मिशनच्या माणसाला मराठी शिकणं भागच असे. तेव्हा सकाळी रोगी आणि दुपारी बाराखडी, अशीच ती सुरुवात असणार.

पण सांगलीपेक्षा मिरजेवर त्यांची नजर गेली, आणि त्यात त्यांचा व्यवहारीपणा दिसतो. नव्या रेल्वेमुळे मिरज हे जंक्शन झालं होतं. पुण्याकडून येणारी गाडी मिरजेत, बेळगावकडून येणारी मिरजेत, आणि कोल्हापूरचा फाटाही मिरजेतूनच. रोग्याला गाडीत घातलं की तो आपसूक मिरजेच्या फलाटावर उतरणार! पत्रीसरकारच्या मुलखातल्या खेड्यातून, माणदेशातून, कर्नाटकच्या सीमेवरून माणसं येऊ शकणार. संसारी बाईला हे लगेच पटेल. विहीर कितीही गोड पाण्याची असली, तरी ती वाटेवर असली तरच तिचा उपयोग!

1892 च्या सुमारास वॉन्लेस मिरजेला आले. संस्थानकडून जागा मिळाली. इमारतीसाठी मोठा पैसा दिला जॉन कन्व्हर्स नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी. आगगाडीची इंजिनं बनवणाऱ्या प्रसिद्ध कारखान्याचे ते एक मालक, आणि राहणार कुठले, तर फिलाडेल्फियाचे! ज्या शहरात आनंदीबाई शिकल्या, त्याच शहरातून मिरजेच्या दवाखान्याला पैसा आला. 1894 साली हॉस्पिटल उभं राहिलं. लोक त्याला आपले "मिशन दवाखाना" म्हणू लागले.

विश्वास कसा बसला?

एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. वॉन्लेस इथं आले ते धर्मप्रचारक म्हणून. औषधाबरोबर आपला धर्मही द्यावा, हा मिशनचा हेतू होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. त्यामुळे आपल्या लोकांच्या मनात धास्ती असणं स्वाभाविकच होतं. साहेबाच्या हातचं पाणी प्यालं तर जात जाईल, बाटवतील, पोट फाडतील. आजेसासूबाई सांगत की त्यांच्या आजीनं मिरजेला जाताना पाण्याची कळशी आणि आठ दिवसांच्या दशम्या बरोबर नेल्या होत्या. तिकडे गेल्यावरही मुलानं झाडाखाली तीन दगड मांडून भात शिजवला, तो खाल्ला.

मग अशा माणसांचा विश्वास बसला तो कशावर? प्रवचनावर नव्हे. तो बसला परत आलेल्या माणसावर. हातात काठी घेऊन, दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून गेलेला माणूस एकटा चालत परत आला, यापेक्षा मोठी जाहिरात कोणती?

म्हणूनच मिरजेच्या कीर्तीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनांचा वाटा मोठा होता. त्याआधी आपल्याकडे फिरते वैदू सुईनं मोतीबिंदू डोळ्यातच मागे ढकलत. चार दिवस दिसे, पण पुढे बरेचदा डोळाच जाई. मिशन दवाखान्यात शास्त्रशुद्ध ऑपरेशन होई. डोळ्यात औषधाचे थेंब घालून तो बधिर करायचा, बुबुळाच्या कडेला नाजूक छेद घ्यायचा आणि आतलं गढूळ झालेलं भिंग अलगद बाहेर काढायचं. हे बधिर करण्याचं औषध 1884 साली सापडलेलं, म्हणजे तेव्हा अगदी नवं. ऑपरेशन काही मिनिटांचं, पण पुढचे दिवस कसोटीचे! डोळ्यांवर पट्ट्या, डोकं हलवायचं नाही, खोकायचं नाही, उताणं पडून राहायचं. आज आपल्या आया-सासवा सकाळी ऑपरेशन करून संध्याकाळी घरी येऊन चहा टाकतात, त्यांना हे सांगून खरं वाटणार नाही.

आणि भिंग काढलं म्हणजे डोळ्यात दुसरं भिंग बसवायची सोय नव्हती. ती कल्पना इंग्लंडमध्ये हॅरल्ड रिडली या डॉक्टरांनी अमलात आणली ती 1949 साली. तोवर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. पण त्या चष्म्यातून सून दिसली, नातवंडं दिसली, तांदळातला खडा दिसला! घरात "उपयोग नाही" म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या बाईच्या हातात पुन्हा सूप आलं. याचं मोल आपल्या बायकांना सांगायला नको.

साहेब नुसता शेजारी उभा

आता येते ती म्हातारीच्या रुसव्याची गोष्ट.

वॉन्लेस यांचा हात शस्त्रक्रियेत फार चांगला होता. अशा माणसानं काय केलं असतं? स्वतःच ऑपरेशनं करत राहिला असता, नाव होत गेलं असतं, रांग वाढत गेली असती. पण एका माणसाला हात दोनच. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ते चालवले, तरी फलाटावर उतरणारे रोगी संपायचे नाहीत. हे ओळखून, हॉस्पिटल सुरू झाल्यावर तीनच वर्षांत, 1897 साली, वॉन्लेस यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा काढली. मोजकी मुलं घेऊन. आपल्या देशातल्या मिशनच्या वैद्यकीय शिक्षणातला हा अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक.

वर्ष नीट बघा. 1896-97 म्हणजे दुष्काळाचं आणि प्लेगाचं साल. मुंबईत, पुण्यात माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत होती. अशा वेळी कुणीही म्हणालं असतं, "आधी माणसं वाचवू, शाळा मग बघू." वॉन्लेस यांनी रोग्यांचं काम सोडलं नाही, आणि शाळाही थांबवली नाही.

शिकवणं सोपं नसतं. मी अर्धवेळ का होईना, शिक्षिका आहे. फळ्यावर गणित आपण सोडवून टाकणं फार सोपं. दोन मिनिटांचं काम. पण खडू मुलाच्या हातात द्यायचा, त्याचं चुकताना बघायचं, तोंड मिटून उभं राहायचं, याला फार जीव लागतो. घरात तरी आपण काय करतो? मुलीची पोळी वाकडी होते म्हणून लाटणं हातातून काढून घेतो. "सर, मी करते!" म्हणतो. मग पुढे तक्रार करतो, "हिला काही येत नाही."

पोळी वाकडी झाली तर फार तर ती दुमडून वाढावी लागते. डोळ्यात सुरी वाकडी गेली तर डोळा जातो. अशा जागी आपल्याहून कमी सरावाच्या माणसाच्या हातात शस्त्र द्यायचं आणि आपण शेजारी उभं राहायचं! वेळ पडली तर हात पुढे करायचा, नाही तर मागे बांधून ठेवायचे. रोगी रुसणार, नातेवाईक कुरकुरणार, "आम्ही साहेबासाठी आलो होतो." ते ऐकून घ्यायचं. आमच्या घरच्या म्हातारीला वाटलं, साहेबानं काही केलंच नाही. खरं तर त्या दिवशी साहेबानं दोन कामं केली. एक म्हातारीला डोळे दिले आणि एका मराठी तरुणाला हात दिला.

त्या शाळेतून शिकून गेलेले डॉक्टर ठिकठिकाणच्या मिशन दवाखान्यांत गेले, कुणी आपापल्या गावी दवाखाने थाटले. "मिरजेचा शिकलेला डॉक्टर" ही एक ओळखच झाली. रोग्यानं मिरज गाठायची, ती हळूहळू मिरजच रोग्याच्या गावापर्यंत जाऊ लागली.

मेरीबाई

डॉक्टरांच्या गोष्टीत डॉक्टरांची बायको नेहमी एका ओळीत आटोपतात. मेरीबाईंविषयीही फारसं लिहिलेलं हाती लागत नाही. पण थोडा विचार केला तरी पुष्कळ दिसतं. पंचविशीच्या आतबाहेरची मुलगी, माहेर सातासमुद्रापलीकडे, पत्र जायला महिना आणि यायला महिना. ती नर्स होती, म्हणजे नुसती साहेबाची मडम नव्हती. त्या काळी आपली बाई परपुरुष डॉक्टरपुढे पदरही सरकवायची नाही. मग ताप किती, दुखतं कुठं, हे विचारायला मधे एक बाई लागणारच. ते काम अशा बायकांनीच केलं, इथल्या मडमांनी आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या आपल्या मुलींनी.

मिरजेत मुलींना नर्सिंगचं शिक्षण मिळू लागलं, हे मला हॉस्पिटलइतकंच मोठं वाटतं. तेव्हा "चांगल्या घरातल्या" मुली नर्स होत नसत. परक्याचं मलमूत्र काढायचं, रात्री-बेरात्री पुरुषांच्या वॉर्डात जायचं, छे! पण ज्यांना घरच राहिलेलं नव्हतं त्यांचं काय? विधवा, टाकलेली, पोरकी मुलगी. तिला हातात कला मिळाली, अंगावर पांढरी साडी आली आणि महिन्याच्या महिन्याला स्वतःचे चार पैसे आले. दुसऱ्याच्या ओसरीवर पडून राहण्यापेक्षा हे कितीतरी मानाचं.

1906 साली मेरीबाई इथंच वारल्या. वॉन्लेस यांनी पुढे दुसरं लग्न केलं आणि काम पुढे चालवलं. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांशी त्यांचा चांगला स्नेह होता. त्या कोल्हापुरात मिशनच्या एका हॉस्पिटलला नाव दिलं गेलं ते मेरी वॉन्लेस यांचं. जिथं आनंदीबाईंची खुर्ची रिकामी राहिली होती, त्याच गावात एका दवाखान्याच्या दारावर परदेशी बाईचं नाव लागलं. मला हे दोन्ही एका वेळी आठवतं.

ज्यांना गावही ठेवून घेत नव्हतं

डोळे दिले की माणूस आशीर्वाद देत घरी जातो. पण ज्यांना बरं करता येत नाही, त्यांचं काय करायचं? 1900 साली वॉन्लेस यांनी मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी निवारा सुरू केला. कुष्ठरोगाचा जंतू 1873 मध्येच नॉर्वेच्या हॅन्सन यांनी शोधला होता, पण औषध हाती यायला 1940 नंतरचा काळ उजाडावा लागला. तोपर्यंत डॉक्टरांजवळ देण्यासारखं फारसं नव्हतंच. जखमा धुवायच्या, बांधायच्या आणि माणसाला माणसासारखं वागवायचं. "महारोगी" म्हणून ज्यांना गावानं वेशीबाहेर काढलं, त्यांच्या जखमा बांधणारे हात मिरजेत होते.

आणि मग क्षय. सासुरवाशिणींचा काळ! कोंदट माजघर, धुरानं भरलेली चूल, लागोपाठची बाळंतपणं, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवण. खोकला लागला तरी सांगायचा कुणाला? आनंदीबाईंचा जीव यानंच घेतला. 1920 साली सांगली-मिरजेच्या मधल्या मोकळ्या माळावर वॉन्लेस यांच्या पुढाकारानं क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं. तेव्हाही क्षयावर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसीन सापडलं ते 1943 मध्ये. उपाय तीनच: मोकळी हवा, चांगलं अन्न आणि विश्रांती. किती बायकांना लग्नानंतर हे तीन उपाय पहिल्यांदा तिथल्या खाटेवरच मिळाले असतील!

त्या माळाला पुढे नाव पडलं वानलेसवाडी. इंग्रजी नावाला आपल्या लोकांनी आपली "वाडी" जोडली आणि उच्चारही आपल्या जिभेला बसेल असा करून घेतला. आज सांगलीहून मिरजेला जाताना वानलेसवाडी लागते. हा वानलेस कुणी पाटील होता की देशमुख, असंही एखाद्या लहान मुलाला वाटेल!

मागे काय राहिलं?

1928 साली वॉन्लेस यांना सरकारनं "सर" ही पदवी दिली. त्याच सुमारास, जवळजवळ चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, ते निवृत्त होऊन अमेरिकेला गेले आणि 3 मार्च 1933 रोजी कॅलिफोर्नियात वारले. चोविसाव्या वर्षी आलेला माणूस साठी ओलांडून गेला. उमेदीची सगळी वर्षं मिरजेला देऊन गेला.

पुढे संस्थानं विलीन झाली. 1949 साली सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग आणि ही संस्थानं मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. 1962 साली मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं. सुरुवातीच्या काळात तिथल्या विद्यार्थ्यांना शिकायला मिशन हॉस्पिटलचे वॉर्डही होते. गावात एकामागून एक दवाखाने उभे राहिले. मिरजेला लोक "वैद्यकीय पंढरी" म्हणू लागले. संस्थांनाही माणसांसारखे दिवस येतात-जातात. ज्या हॉस्पिटलपासून हे सगळं सुरू झालं, त्यानं अलीकडच्या वर्षांत पैशाच्या अडचणीचे फार कठीण दिवस पाहिले. पण मिरजेची डॉक्टरी एका इमारतीत बांधलेली राहिली नव्हती. ती केव्हाच अनेक हातांत वाटली गेली होती. वॉन्लेस फक्त ऑपरेशनं करत राहिले असते, तर त्यांच्याबरोबर ती संपली असती.

हे देणंघेणं एकतर्फी राहिलं नाही, याचाही मला अभिमान वाटतो. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले. युद्धात जखमी झालेल्यांवर त्यांनी उपचार केले, तिथल्या तरुणांना वैद्यक शिकवलं, तिथल्याच एका नर्सशी लग्न केलं आणि 1942 मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथल्याच मातीत विसावले. तिकडच्याही एखाद्या घरात एखादी आजी नातसुनेला आपल्या कोटणीसांची गोष्ट सांगत असेल.

आणि आपण?

मैत्रिणींनो, हे सगळं वाचताना माझ्या मनाला एक गोष्ट फार टोचली. ज्या तीन रोगांसाठी वॉन्लेस झटले, त्यांतल्या दोहोंवर त्यांच्याकडे औषधच नव्हतं. आज आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते आणि क्षयाची औषधंही फुकट मिळतात. अंगावरचा फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला स्पर्श कळत नाही, तो दाखवला तर कुष्ठरोगावरचे उपचारही मोफत होतात. सहा महिने ते वर्षभर नेमानं औषध घेतलं की माणूस बरा होतो, आणि वेळेत दाखवलं तर हातापायाला व्यंगही येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन तर जवळच्याच गावात होतं. बैलगाडी जुंपायला नको, कळशी न्यायला नको.

तरीही आपण काय म्हणतो? "मुलांच्या परीक्षा होऊ देत." "दिवाळी होऊ दे." "एवढं काही नाही, होईल बरं." नवऱ्याचा खोकला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जातो. आपला खोकला आल्याच्या रसावर महिना काढतो. सासूबाई चाचपडत चालतात, तर "वय झालं" म्हणून आपण जमिनीवरचं पायपुसणं तेवढं उचलून ठेवतो. शंभर वर्षांपूर्वी मिरजेचा दवाखाना लांब होता. आज आपणच आपल्यापासून लांब आहोत.

आमच्या आजेसासूबाई आता नाहीत. मागच्या महिन्यात माझ्या सासूबाई देवापुढे वात लावताना दोनदा चुकल्या. काडी निरांजनाच्या बाहेरच फिरत राहिली. मी ती हातातून घेऊन वात लावून टाकणार होते. तेवढ्यात माझी बारा वर्षांची लेक, जिला ही गोष्ट मी निदान दहा वेळा ऐकवली आहे, ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आई, वेळ घालवू नकोस. मिरजेला ने!"

मिरजेपर्यंत जावं लागलं नाही. साताऱ्यातच काम झालं. ऑपरेशनच्या आधी सासूबाईंनी हळूच विचारलं, "मोठे डॉक्टर स्वतः करणार ना गं?" मी म्हटलं, "ते नाहीतर त्यांच्या हाताखालचे करतील. पण मोठे डॉक्टर शेजारी उभे असतील."